हात काऊन टेकवला?

"हात काऊन टेकवला?"

कोणाचाही हात प्लास्टरमध्ये दिसला की सरांचा पहिला प्रश्न हाच, की हात का टेकवला. लागलं का, दुखतं का, झोप लागते का, असले किरकोळ प्रश्न त्यांनी इतर लोकांसाठी सोडून दिले होते. गणिताचा मास्तर चुकलेल्या उत्तराकडे जसा बघतो, तसे ते प्लास्टरकडे बघत.

मला त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी खाटेवर पडून होते. नागपूरपलीकडच्या आमच्या गोरेगावात डांबरी रस्ता म्हणजे सरकारने धान वाळवायला बांधून दिलेलं खळं. त्यावरून गाड्या जाऊ देतात ही शेतकऱ्यांची मेहरबानी. कापणीच्या दिवसांत अशाच एका वाळवणावर माझी स्कूटी घसरली. मी उजवा हात पुढे केला आणि मनगट मोडलं. भेटायला येणारी माणसं पपया, बिस्किटं आणि आपापल्या नातेवाइकांच्या न जुळलेल्या हाडांच्या गोष्टी घेऊन येत होती. सर समोरच्याच घरात राहायचे. ते रिकाम्या हाताने आले.

"पडल्या तं पडल्या. हात काऊन टेकवला?"

"मग काय टेकवायचं, सर?"

"सारं अंग द्याचं जमिनीले. जमीन का परकी हाय?"

मागे वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, डबा घेऊन उभ्या होत्या. "पेशंटले तरी सोडा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मनावर नका घेऊ बाई. माझ्या बापाच्या मयतीत हे खांदेकऱ्यायले पाय कसे टाकाचे ते सांगून राहिले होते."

"नाई सांगतो तं मामंजी नालीत गेले असते," सर शांतपणे म्हणाले.

सर एका शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. सरकार त्यांना निवृत्त करतं, पण ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. निळा ट्रॅकसूट हा त्यांचा बाराही महिन्यांचा पोशाख. लग्नकार्य असलं तर त्याच्यावर कोट चढायचा. घरची धानाची शेती होती, ती धाकटा भाऊ बघायचा. तरुणपणी नागपुरात ते ज्युडो शिकले होते. किती लढती जिंकले हे त्यांनी कधी सांगितलं नाही. हरल्याच्या गोष्टी मात्र ते जावयाचं कौतुक करावं तशा सांगत. कोणी, कुठे, कसं उचलून आपटलं आणि आपण कसे सुंदर पडलो.

जगात पाडणारे पुष्कळ आहेत, पडायचं कसं हे कोणी शिकवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळेने त्यांना सकाळी हॉल वापरायची परवानगी दिली होती. पण मुलांना सकाळी ट्यूशन असतात. पडायला माणसं मिळेनात, तेव्हा सरांनी आपला मोर्चा मोठ्यांकडे वळवला. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात ते आमच्या फाटकाशी उभे राहिले.

"हापिसबाई, स्कूटी काऊन झाकून ठेवली?"

मी एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. म्हणून मी हापिसबाई.

"सध्या हे सोडतात मला," मी नवऱ्याचं नाव पुढे केलं.

"बरं हाय. जनमभर सोडून राहीन का थो?"

स्कूटीवर बसायच्या विचारानेच माझ्या तळहाताला घाम सुटायचा, हे मी घरातही कोणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी हॉलवर गेले.

तिथे माझ्यासारखे आणखी दोन बळी आधीच हजर होते. एक कापड दुकानाचे सेठजी. वजनदार माणूस, दोन्ही अर्थांनी. दुकानाच्या पायरीवरून घसरले होते आणि सरांनी भर गिऱ्हाइकांत त्यांना तोच प्रश्न विचारला होता. दुसरी आरोग्य केंद्रातली नर्स. चिचगडची मुलगी, सगळे तिला सिस्टर म्हणत. ती अजून पडली नव्हती. पण जंगलातल्या रस्त्याने मोटारसायकलवर ड्युटीला जाते म्हणजे पडणारच, असं सरांनी तिला तिच्या केंद्रात जाऊन सांगितलं होतं.

गाद्या म्हणजे तणसाने, धानाच्या पेंढ्याने, भरलेली पोती आणि वर ताडपत्री. पडलं की आधी धूळ उडायची, मग शिंका यायच्या, आणि मग सरांचा अभिप्राय.

"हनुवटी छातीले. आपल्या पोटाकडं पाहाचं, तेवढंच दर्शन होते. पाठ गोल, टोपल्यावानी. हात अंगापासून जरासा दूर, तळवा सपाट, आपटाचा. टेकवाचा नाई, आपटाचा! आन् श्वास सोडाचा. श्वास धरून पडते थो मोडते."

सुरुवात उकिडवं बसून मागे पडण्यापासून होती. उकिडवं बसणं हेच आम्हा खुर्चीतल्या माणसांना जड. सेठजी अर्ध्यावरच कलंडत.

"मास्टरजी, आज घुटना दर्द कर रहा है."

"घुटना नाई पडत शेठ, माणूस पडते. घुटन्याले दुकानात ठेवून या."

मी तर कितीतरी दिवस पडलेच नाही. मागे जायचं म्हटलं की माझा उजवा हात आपोआप छातीशी यायचा आणि मी हळूच बूड टेकायचे.

"हे पडणं नाई, हापिसबाई. हे आसन ग्रहण करणं हाय. हार आणू का?"

एका सकाळी बाकीचे दोघे यायच्या आत सर माझ्या शेजारी पोत्यावर येऊन बसले. "काय होते नेमकं? भेव कायचं वाटते?"

मी म्हणाले, "आवाज येतो, सर. हाड मोडलं तेव्हाचा. पडायच्या आधीच ऐकू येतो."

सर उकिडवे झाले आणि माझ्याशेजारी मागे पडले. दोन्ही हात ताडपत्रीवर असे काही आपटले की छपरावरची कबुतरं उडाली. "असा आवाज करा," ते आढ्याकडे बघत म्हणाले. "दुसरा ऐकूच येऊन नाई राहणार."

मी पडले. मनगटाला काही झालं नाही. मी पुन्हा पडले, मग पुन्हा, आणि मग मला रडू आलं. सर उठून खिडकी उघडायला गेले आणि सेठजी येईपर्यंत उघडतच राहिले. त्या दिवशी त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशी मागचं-पुढचं सगळं भरून काढलं.

पुढे मी स्कूटीवर जाऊ लागले. विद्येचा उपयोग मात्र भलत्याच ठिकाणी झाला. आमच्या ऑफिसात फरशी पुसायची ती लोकांची गर्दी झाल्यावरच, म्हणजे स्वच्छता सर्वांना दिसते. त्या ओल्या फरशीवर माझा पाय सटकला. हनुवटी छातीला, पाठ गोल, दोन्ही हात सपाट. फाडकन आवाज झाला. रांगेतली माणसं मागे सरली. मी आडवी पडल्या पडल्या आनंदाने हसत होते, आणि तीच चूक झाली. बाईंना फिट आली असं ठरलं, आणि मी उठायच्या आत कोणीतरी माझ्या नाकाला चप्पल लावली.

सरांना मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी विचार केला. "डावा हात उशिरा आपटला असन," ते म्हणाले. "नाई तं चप्पल लावाची हिंमत नसती झाली कोणाची."

तर असे सर. आता पुढचं सांगते.

त्यानंतरच्या वर्षी सर आठवडी बाजारात पडले. टमाट्याच्या ढिगाशेजारी, उभ्याचे एकदम मागे. लोक धावले. सर उठून बसले, ट्रॅकसूट झटकला आणि म्हणाले, "डेमो होता." भाजीवालीने टमाटे मोजून बघितले आणि प्रकरण मिटलं. मग एकदा सेठजींच्या दुकानात पडले. मग चहाच्या टपरीवर. दर वेळी डेमो, आणि दर वेळी निर्दोष. आम्ही तिघं टाळ्या वाजवायचो. या वयात सरांचा उत्साह बघा, असं एकमेकांना सांगायचो.

त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. आम्हाला वाटलं, आता अपमानसुद्धा कुजबुजून करण्याची नवी कला त्यांनी आणली. चेहरा हलेनासा झाला होता. सर पूर्वीही हसू दाबूनच बोलायचे, त्यामुळे तोंडाची रेषा न हलवता टोमणा मारणं आता त्यांना पूर्ण साधलं, असं आमचं मत पडलं. आणि ते सभ्य झाले होते. हॉलच्या दाराशी येऊन थांबायचे आणि आम्हाला म्हणायचे, "तुमी व्हा पुढं." ज्या माणसाने जन्मात कोणाला वाट दिली नाही, तो सेठजींनासुद्धा आधी आत जाऊ देत होता. खरं तर इथेच आम्हाला शंका यायला हवी होती. उंबरठ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटत होते. पण चांगल्या वागण्याची चौकशी कोण करतं?

एका सकाळी सरांनी मागे पडण्याचा धडा पुन्हा दाखवला आणि ते पडूनच राहिले.

"पाहून घ्या," ते म्हणाले. "नीट पाहून घ्या."

आम्ही बघितलं. पाठ, हनुवटी, हात, सगळं नीट बघितलं. सेठजींनी तर एक फेरी मारून दुसऱ्या बाजूनेही बघितलं.

"अजून पाहा."

सिस्टर एकटीच त्यांच्या हाताकडे बघत होती. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत होतं, बिडी वळावी तसं. आमच्या भागात बिडी वळणारा हात कोणी पाहिला नाही असं होत नाही. पण त्या हातात पान नव्हतं, तंबाखू नव्हती, आणि बोटं थांबत नव्हती. ती खाली बसली.

"सर, उठता येऊन नाई राहिलं का?"

सर आढ्याकडेच बघत होते.

"उठणं सिलॅबसमध्ये नाई, सिस्टर," ते म्हणाले. चेहरा दगडासारखा होता, पण डोळ्याच्या कडेने पाणी कानाकडे चाललं होतं.

आम्ही तिघांनी त्यांना उठवलं. घरी पोचवलं तेव्हा वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. आमच्याकडे बघून त्यांनी सूप खाली ठेवलं. त्यांना नवल वाटलं नव्हतं. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. सरांच्या पलंगाभोवती तिन्ही बाजूंनी गोधड्या अंथरल्या होत्या.

"मले म्हणते, प्रॅक्टिस करून राहिलो," वहिनी हळूच म्हणाल्या. "मी का येडी हाय? पण मी डॉक्टरचं नाव काढलं का जेवत नाई."

सर डॉक्टरकडे जायला तयार नव्हते. मी समजावलं, सिस्टरने समजावलं, भाऊ येऊन ओरडून गेला. सरांकडे प्रत्येकासाठी एकेक टोमणा तयार होता. मी डॉक्टरचं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले, "त्याले पडता येते का, इचारून या पहिले."

मग बाजाराच्या दिवशी सकाळी सेठजींची गाडी सरांच्या दारात येऊन उभी राहिली. सेठजी उतरले, मागचं दार उघडलं.

"बैठो, मास्टरजी."

"दुकान?"

"बंद है आज."

बाजाराच्या दिवशी सेठजींचं दुकान बंद, हे गोरेगावात कोणी पाहिलं नव्हतं. वडील वारले तेव्हाही त्यांनी अर्धं शटर वर ठेवलं होतं, असं लोक सांगतात. सरांनी सेठजींकडे बघितलं, मग वहिनींकडे. आपल्याला काहीतरी मोठं झालंय, हे त्यांना बहुधा त्या क्षणी पटलं. ते मुकाट गाडीत बसले. वहिनी आणि मी सोबत गेलो.

नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना चालवलं, वळवलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली. मग त्यांच्या मागे उभं राहून खांदे धरून एकदम ओढलं. पाऊल मागे टाकून माणूस स्वतःला सावरतो का, ते त्यांना बघायचं होतं. सरांनी सावरण्याचा प्रयत्नच केला नाही. हनुवटी छातीला घेतली आणि फाडकन पडले. बाहेरून कंपाउंडर धावत आला. डॉक्टरांचा चेहरा पांढरा झाला होता.

"काका, तुम्ही सावरलं का नाही?"

"सावराचं कोणी शिकवलं नाई," सर फरशीवरून म्हणाले. "बाकी तुमी ओढलं मस्त."

कंपवात, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्यांनी बरं वाटेल, पण बरा होणार नाही. मेंदूकडून अंगाला जाणारा निरोप उशिरा पोचतो, असं काहीसं त्यांनी समजावलं. सर लक्ष देऊन ऐकत होते. त्यांच्या ओळखीची गोष्ट होती. सेठजींच्या अंगाला निरोप कधी वेळेवर पोचलाच नव्हता.

येताना साकोलीला चहाला थांबलो. सरांचा कप वहिनींनी धरला होता. दोन घोट झाल्यावर सर म्हणाले, "डॉक्टर म्हणते, आता पडाचं नाई."

वहिनींनी कप खाली ठेवला.

"जनमभर एवढं एकच तं येत होतं मले."

सेठजी तोंड फिरवून भजी सांगायला गेले. दुःखावर त्यांच्याकडे तेवढा एकच इलाज होता, आणि त्यांनी तो फारच मोठ्या प्रमाणात केला. ती भजी आम्ही गोरेगावपर्यंत खात होतो.

वर्ग बंद पडेल असं आम्हाला वाटलं होतं. तशी आशा सेठजींनी बोलूनही दाखवली. पण सर खुर्ची घेऊन यायला लागले. आवाज तर जवळजवळ गेलाच होता. म्हणून सिस्टर त्यांच्या तोंडाशी कान नेई आणि मग मोठ्यांदा सांगे.

"सर म्हणून राहिले, शेठजीपेक्षा धानाचं पोतं बरं पडते. सर म्हणून राहिले, हापिसबाईले पुन्हा हार आणा." मग पुन्हा कान नेऊन, तितक्याच प्रामाणिकपणे, "सर म्हणून राहिले, सिस्टरले इंजेक्शन सोडून काई येत नाई."

पावसाळ्यात एकदा सर अंगणात पडले तेव्हा वहिनींनी त्यांना धरलेलं होतं. दोघंही पडले. सरांना काही झालं नाही, वहिनींचं मनगट सुजून भाकरीएवढं झालं. मी भेटायला गेले तेव्हा सर समोर बसून त्या मनगटाकडे बघत होते. त्यांचा तो ठरलेला प्रश्न मी वाट बघूनही आला नाही.

सूज उतरल्यावर एका सकाळी ते वहिनींना हॉलवर घेऊन आले. सबंध संसारात वहिनी त्या हॉलची पायरी चढल्या नव्हत्या.

"आता म्हातारपणी मले लोळवाले आणलं," त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या. पण पदर खोचला, पोत्यावर उकिडव्या बसल्या. जन्मभर अंगण सारवलेली बाई ती, आमच्यापेक्षा किती सहज बसली. सर खुर्चीत वाकून बघत होते. त्यांचे ओठ हलत होते आणि सिस्टर सांगत होती. हनुवटी, पाठ, तळवा. वहिनी मागे पडल्या. बांगड्यांसकट दोन्ही हात ताडपत्रीवर आपटले. धूळ उडाली. त्या शिंकल्या, उठून बसल्या आणि सरांकडे बघितलं.

सर काही बोलले नाहीत.

"बोला ना आता काई," वहिनी म्हणाल्या. "लोकायले तं लई बोलता."

सरांचे ओठ हलले. सिस्टरने कान जवळ नेला. ऐकलं, आणि ती सरळ उभी राहिली.

"क्या बोले?" सेठजींनी विचारलं.

"ते तुमच्यासाठी नाई," सिस्टर म्हणाली.

वहिनी उठल्या, खुर्चीजवळ गेल्या आणि आपला कान सरांच्या तोंडाशी नेला. सर पुन्हा बोलले. वहिनींनी पदर तोंडाला लावला. "एवढं बोलाले एवढी वरसं लागली?" एवढंच आम्हाला ऐकू आलं. सर काय म्हणाले ते सिस्टरने आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी पुष्कळदा विचारून बघितलं. आरोग्य विभागात एवढी गुप्तता असते हे मला माहीत नव्हतं.

पुढे वहिनींच्याने एकटीने निभेना. रायपूरला मुलगी होती, तिने दोघांना तिकडे नेलं. मागच्या थंडीत सर तिथेच गेले. वहिनींचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाल्या. पलंगावर, उशीवर डोकं ठेवून. एवढं सगळं शिकून शेवटी पलंगावर! मी फोन ठेवला आणि बराच वेळ कोणावर रागवावं ते कळेना.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ते रायपूरला निघाले त्या सकाळी. गाडी दारात होती. सिस्टर ड्युटीचा पांढरा कोट अंगावर घेऊनच आली होती, सेठजींनी वाटेत खायला म्हणून नको इतकं बांधून आणलं होतं. वहिनी आणि मुलगी मागे सामान बसवत होत्या. सरांना पुढच्या सीटवर बसवून काच खाली केली. आम्ही तिघं काचेपाशी उभे होतो. सरांचा नेहमीचा दगडी चेहरा. गाडी सुरू झाली, गल्लीच्या वळणाकडे निघाली आणि काचेतून त्यांचा हात बाहेर आला. तो हलत होता. निरोप म्हणून हलत होता की आजाराने, ते कळायला मार्ग नव्हता. आम्ही तिघांनीही हात हलवले, गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत.